निवृत्त मामांची बडतर्फी

तीर्थरूप मामांच्या चरणी,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सात अंगं जमिनीला टेकली आहेत असं समजावं. उजवा गुडघा टेकायला डॉक्टरांनी मनाई केली आहे.) तब्येत कशी आहे? रक्तदाब काय म्हणतो? मामी पाठीला जे तेल चोळते त्यानं उतार पडतोय की नुसताच घरभर वास आहे? कुंडीत यंदा तरी टोमॅटो धरले की पुन्हा नुसतीच पानं? इकडे माझं ठीक चाललंय. म्हणजे दोन वेळा जेवतो, कामाला जातो, पण तुम्ही फोन उचलेनासे झालात त्या दिवसापासून घास घशाखाली उतरत नाही. (उतरतो, पण चव लागत नाही. मामीला काळजी वाटायला नको म्हणून खरं ते लिहितो.)

मामा, तुम्ही रागावला आहात आणि तो तुमचा हक्कच आहे. ज्याला तुम्ही बोटाला धरून कंपनीत नेलंत, वायर कशी सोलायची इथपासून शिकवलंत, त्या भाच्यामुळे तुमच्या नावाला बट्टा लागला, हे मी नाकारत नाही. पण तुम्ही अबोला धरलात आणि वर तुमच्या फोनवर येणारा कोड देणंही बंद केलंत. कोडावाचून कामाचं घोडं अडलंय आणि अबोल्यानं माझी झोप उडाली आहे, यातलं जास्त काय बोचतं ते तुम्हाला सांगायला नको. शिवाय या प्रकरणाची तुम्ही एकच बाजू ऐकलीत, आणि तीसुद्धा आमच्या नवीन मॅडमच्या तोंडून, फोनवर, भर दुपारी झोपमोड होऊन. तेव्हा माझी बाजू कृपा करून शेवटपर्यंत वाचावी. मध्येच कागद चुरगाळू नये. पाठकोरा वापरलेला नाही, चांगला कोरा आणलाय.

(मामी हे पत्र तुमच्या खांद्यावरून वाचणार हे मी धरूनच चालतो, म्हणून आधी तिच्यासाठी चार शब्द.) मामी, आपली कंपनी गाद्या विकते हे तुला माहीत आहे, कारण तुझी पाठ आपल्याच गादीनं बिघडली. गावोगावी आपली दुकानं आहेत आणि प्रत्येक दुकानात इंटरनेटची एक पेटी, वायफाय आणि बिल छापायचं यंत्र आहे. पूर्वी त्यातलं काही बदलायचं म्हटलं की मामा बॅग भरून त्या गावाला जायचे. आता सगळ्या दुकानांची यंत्रं कचेरीत बसून एका वेबसाइटवरून चालवता येतात. लोक त्याला क्लाउड म्हणतात. मामा त्याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणायचे, पण हाकायचे छान. तर त्या वेबसाइटवर 'बदलांचा इतिहास' नावाचं एक पान आहे. कोणी बदल केला, केव्हा केला, आधी काय होतं आणि त्याचं काय करून ठेवलं, हे सगळं तिथे आपोआप उमटतं आणि ते कोणाच्या बापाला पुसता येत नाही. बदल चुकला तर 'पूर्ववत करा' असं बटण आहे. ते दाबलं की आधीचं परत येतं, पण चूक झाली होती ही नोंद राहतेच, आणि पूर्ववत केल्याची आणखी एक नोंद तिच्या डोक्यावर बसते. संसारात असं पान नसतं हे आपलं नशीब.

मामा निवृत्त झाले त्याच दिवशी त्यांचं खातं बंद व्हायला हवं होतं. (मामा, आता पुन्हा तुमच्याशी बोलतोय.) पण सगळे अधिकार त्या एका खात्याला, आम्हा बाकीच्यांना नुसतं बघायची परवानगी. कोणाला नवे अधिकार द्यायचे तर विभागप्रमुखाची सही लागते, आणि विभागप्रमुख तुम्हीच होतात. तुमच्या जागी कितीतरी काळ कोणी आलंच नाही. तेव्हा निरोपाच्या चहाला तुम्हीच मला खिडकीपाशी नेऊन म्हणालात, की पासवर्ड आहे तोच ठेवा, काही लागलं तर फोन करा. (मी फक्त आठवण करून देतोय. कोणाच्या अंगावर ढकलत नाही.) पासवर्ड आमच्याकडे राहिला, पण आत शिरताना जो सहा आकडी कोड येतो तो यायचा तुमच्या फोनवर. मग मी असो की लांबू असो (माझ्या शेजारच्या टेबलावरचा, उभा राहिला की ट्यूबलाइट पुसता येते तो), दुकानातला वायफायचा पासवर्ड बदलायचा तरी आधी मामांना फोन. कोड अर्ध्या मिनिटात शिळा होतो, आणि तुमची चौकशी अर्ध्या मिनिटात संपल्याचं मला आठवत नाही. कुठलं दुकान, तिथली पेटी माळ्यावर आहे की कपाटात, ते कपाट मी नको म्हणत असताना कोणी हलवलं, तिथला तो तिरळा सुतार अजून आहे का, हे सगळं झालं की तुम्ही कोड सांगायचात आणि तो शिळा निघायचा. मग दुसरा कोड, आणि दुसऱ्या कोडाबरोबर सुताराची उरलेली हकिकत. लांबूनं तर तुमच्याशी बोलता बोलता डबा खायची सवय लावून घेतली. एकदा तुम्ही आमचा कोड कुरिअरवाल्याला सांगितलात आणि कुरिअरवाल्याचा आम्हाला, आणि मामीचा नवा मिक्सर दारातून परत गेला. पण तुम्ही कधी कंटाळला नाहीत. पोरांचं अडायला नको म्हणून तुम्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून फोन आंघोळीलाही न्यायचात, हे मला मामीनं सांगितलंय.

असं सगळं गुण्यागोविंदानं चाललं असताना तुमच्या पदावर या मॅडम आल्या. बाई हुशार, वक्तशीर, स्वभावानं वाईट नाहीत. त्यांना खोड एकच, त्या वाचतात. आल्या आल्या 'बदलांचा इतिहास' उघडून बसल्या. आजवर ते पान आमच्यापैकी कोणी उघडलं नव्हतं, स्वतःचं बँकेचं पासबुक उघडावं तेवढीच हौस. मॅडमना वरपासून खालपर्यंत एकच नाव दिसलं, तुमचं. रविवारी तुम्ही, सुट्टीला तुम्ही, सकाळी शटर उघडायच्या आधी तुम्ही. एकाच वेळी दोन टोकांच्या दोन दुकानांत तुम्ही. (त्यातला एक मी होतो आणि एक लांबू.) मॅडमनी सभा घेतली आणि आम्हाला सांगितलं, की या विभागात एक माणूस काम करतो आणि बाकीचे त्याच्या जिवावर बसून खातात. मामा, हे धडधडीत खोटं होतं, पण ऐकताना इतकं खरं वाटलं की आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग त्यांनी विचारलं, की हे गृहस्थ आहेत कुठे? तेव्हाच सांगून मोकळं व्हायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं, पण माझ्या आधी लांबू बोलून गेला, की ते दुकानांवर फिरतीला असतात.

आणि एकदा तोंडातून फिरती निघाल्यावर आम्हाला तुमची बसायची सोय करणं भाग पडलं. खिडकीजवळच्या कोपऱ्यात तुमचं टेबल मांडलं. खुर्चीच्या पाठीवर तुमचा विसरलेला स्वेटर, टेबलावर चष्मा (तो लांबूच्या आईचा) आणि अर्धा प्यालेला चहा. चहा गरम दिसायला हवा म्हणून लांबू स्वतःचा कप अर्धा पिऊन तिथे नेऊन ठेवायचा. मॅडम जाता-येता वाफ बघायच्या आणि विचारायच्या, आत्ताच गेले का? आम्ही म्हणायचो, हे काय, आत्ताच. त्यांनी तुमच्यासाठी आभाराची चिठ्ठी ठेवली, तिला उत्तर द्यायलाच हवं. लांबूचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून मी तुमच्यासारख्या ठसठशीत अक्षरात लिहून दिलं, की कामाला कौतुक लागत नाही. मॅडमनी ती चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली ठेवली. मग त्यांना तुमच्या प्रकृतीची काळजी वाटायला लागली आणि त्यांनी तुम्हाला सक्तीच्या रजेवर पाठवलं. तुम्ही रजेवर गेलात, पण दुकानं थोडीच रजेवर जातात? रजेतही तुमच्या नावानं भराभर बदल होताना बघून मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी वर्षातला सर्वोत्तम कर्मचारी म्हणून तुमचं नाव वरच्या कचेरीत पाठवलं. तुम्ही तिकडे कुंड्यांना पाणी घालत होतात आणि इकडे आम्ही तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवून बसलो होतो.

आता ज्या दिवशी हे झाड मोडलं त्या दिवसाचं सांगतो. आपलं सगळ्यात लहान दुकान तुम्हाला आठवत असेल, जिन्याखालचं, जिथे डबल बेडची गादी उभीच ठेवावी लागते. तिथल्या एकुलत्या एक विक्रेत्याला आम्ही पेंगू म्हणतो, कारण विकायच्या गादीवर तो स्वतःच झोपलेला असतो. त्याचं बिल छापायचं यंत्र चालेना. मी तुम्हाला फोन लावला, तुम्ही कोड दिलात, मी पेंगूचं यंत्र सुरू करून दिलं आणि ते इतकं गुळगुळीत चालायला लागलं की मला हुरूप आला. वेबसाइटवर एका दुकानातल्या यंत्रांची मांडणी जशीच्या तशी सगळ्या दुकानांना लावायची सोय आहे. म्हटलं, पेंगूचं भलं झालं तसं सगळ्यांचंच होऊ दे. तुम्ही फोनवर म्हणत होतात, की थांब, आधी एकाच दुकानात लावून बघ. मामा, मी ते ऐकलं, अगदी स्पष्ट ऐकलं, फक्त बटण दाबल्यावर ऐकलं. मग तुम्ही झोपायला गेलात.

मांडणीबरोबर पेंगूच्या यंत्राचा पत्ताही सगळ्या दुकानांना लागला. त्यानंतर कोणत्याही गावात, कोणत्याही दुकानात गादी विकली गेली, की तिचं बिल छापून यायचं पेंगूच्या जिन्याखाली. इकडे दुकानादुकानांत गिऱ्हाइकं गाद्या डोक्यावर घेऊन बिलाची वाट बघत ताटकळत उभी. तिकडे पेंगू कर्र कर्र आवाजानं जागा झाला तर यंत्रातून बिलांवर बिलं. ज्या माणसानं पावसाळ्यात एक उशी विकली तर पेढे वाटायचे, त्याला वाटलं दैव उघडलं. ही सगळी मागणी आपल्याच दुकानाला आली आहे असं समजून त्यानं आधी आईला फोन केला, मग मला. रडत म्हणाला, साहेब, एवढ्या गाद्या मी ठेवू कुठे? कागदाचं एक भेंडोळं संपलं की तो इमानदारीनं दुसरं लावत होता. शेवटी कागद गुडघ्यापर्यंत आल्यावर, गर्दी लोटेल म्हणून त्यानं शटर अर्धं ओढून घेतलं. मी 'पूर्ववत करा' दाबायला धावलो, तर तेवढ्यात वेबसाइटनं मला बाहेर काढलेलं. पुन्हा आत जायचं तर कोड हवा. तुम्हाला फोन लावला, तर तुमचा फोन व्यग्र.

कारण त्याच वेळी तुमच्याशी मॅडम बोलत होत्या. त्यांनी इतिहास उघडला, बदलासमोर नाव बघितलं आणि खात्यावरचा नंबर फिरवला. तुम्हाला झोपेत वाटलं आमच्यापैकीच कोणीतरी कोड मागतंय, म्हणून तुम्ही सवयीनं म्हणालात, "हां, कुठलं दुकान?" त्या म्हणाल्या, सगळी. मग विश्वास, जबाबदारी, एवढा जुना माणूस वगैरे बरंच काही बोलून झाल्यावर त्यांनी सांगितलं, की उद्यापासून कामावर येऊ नका. आणि तुम्ही, मामा, तुम्ही त्यावर म्हणालात, "मी आजही आलेलो नाही." तुम्ही साधं खरं बोललात, पण मॅडमना तो उद्दामपणा वाटला. त्यांनी तिथल्या तिथे कर्मचाऱ्यांच्या पानावर तुमच्या नावापुढे 'बडतर्फ' लिहून टाकलं. नोकरीवरून काढलेली माणसं जगात पुष्कळ असतील, पण निवृत्त होऊन टोमॅटो लावत बसलेल्या माणसाला घरी फोन करून काढल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि यातला चोर त्या वेळी मॅडमच्या केबिनच्या दारात उभा होता. मॅडमचा फोन स्पीकरवर होता आणि काचेतून मला सगळं ऐकू येत होतं. आत जाऊन एवढंच म्हणायचं होतं, की बटण मी दाबलं. पण माझी पाचावर धारण बसली आणि मी तिथल्या पाण्याच्या यंत्रातून पाणी पीत राहिलो. तहान नव्हती.

मामीनं मला नंतर सांगितलं, की त्या संध्याकाळी तुम्ही चहाला हात लावला नाहीत. फोन कपाटात ठेवून दिलात आणि एकच वाक्य बोललात, "माझ्या नावावर आजवर एक दुकान बंद पडलं नव्हतं." मामा, ते वाक्य मला डोक्यातून काढता येत नाही. तुम्ही मला शिव्या घाला, नालायक म्हणा, आईकडे माझी तक्रार करा (ती तुमचीच बाजू घेणार, तिनं आत्ताच घेतली आहे), पण काहीतरी बोला. एवढं बोलून, म्हणजे लिहून, पत्र पुरं करतो. घरातल्या थोरांना नमस्कार. लहान कोणी घरात नाही, तेव्हा आशीर्वाद शिल्लक असतील ते माझ्याकडे पाठवावेत.

तुमचा, अजून तुम्ही नाकारलेलं नाही तोवर,
भाचा

ता. क. : ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? कोड हवा आहे. सहाच आकडे. फोन कपाटातून काढून नुसते वाचायचे. माझ्याशी बोलायचं नसेल तर मामीला सांगा, ती मला सांगेल.

ता. क. २ : वरचा ता. क. खोटा आहे. कोड नकोय. मॅडमनी आल्या आल्याच माझं आणि लांबूचं वेगळं खातं करून दिलं होतं, सगळ्या अधिकारांसकट. कोड आमच्याच फोनवर येतो. ते खातं आम्ही वापरलं नाही. फोन बंद झाला तर मामा दिवसभर करतील काय, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. लांबूचं मला माहीत नाही, पण माझ्यापुरतं खरं असं, की तुमचा आवाज ऐकल्याशिवाय एकही बटण दाबायची माझी छाती होत नाही. तुमचा फोन व्यग्र लागला आणि केबिनच्या दारातून मी पाणी पिऊन परत आलो, तेव्हा शेवटी त्याच खात्यातून मी सगळं पूर्ववत केलं आणि मॅडमसमोर जाऊन तुमच्या निरोपाच्या चहापासून सगळं ओकलो. इतिहासातली चुकीची नोंद पुसता येत नाही, पण तिच्याखाली शेरा लिहिता येतो. मी लिहिलाय, 'हा बदल मामांनी केलेला नाही. त्यांचं न ऐकता त्यांच्या बिनडोक भाच्यानं केला.' मॅडम म्हणाल्या, कंपनीच्या पानावर 'बिनडोक' बरं दिसत नाही, काढा. पण तेही आता पुसता येत नाही. मॅडमना चूक कळल्यावर त्यांनी तुमची बडतर्फीही मागे घेतली, म्हणजे त्या पानावरही 'पूर्ववत करा' दाबलं. त्यामुळे तुमच्या नावापुढे बडतर्फीच्या आधी जे होतं ते परत आलं आणि ते होतं 'कामावर हजर'. (तिथे 'निवृत्त' लिहायचं कोणाला सुचलंच नव्हतं.) तेव्हा कागदोपत्री तुम्ही पुन्हा नोकरीत आहात आणि सोमवारी आला नाहीत तर बिनपरवानगी गैरहजर धरले जाल.

ता. क. ३ : हे पत्र पोस्टानं आलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मी बाहेर तुमच्याच पायरीवर बसलोय आणि लिहून होईल तसं एकेक पान दाराखालून सरकवतोय. पहिलं पान आत ओढलं गेलं तेव्हा जिवात जीव आला. मघाशी मामी मला चहा द्यायला बाहेर आली आणि तिच्या मागे तुम्ही कडी लावून घेतलीत, त्यामुळे आता ती पण पायरीवरच आहे. ती सांगते, की तिनं दूध गॅसवर ठेवलं होतं.

ता. क. ४ : आत्ता आतून तुमचा आवाज आला, "गॅसचं बटण कुठलं?" मामा, इतक्या दिवसांनी तुमचा आवाज ऐकला, फार बरं वाटलं. मी ओरडून सांगणारच होतो, पण मामीनं माझं तोंड दाबून धरलंय, म्हणून तिचा निरोप लिहून सरकवतो. ती म्हणते, दार उघडल्याशिवाय बटण सांगायचं नाही.